तीन नंबरच्या खाटेवरचा देव

महादेवी सिस्टर वॉर्डात यायच्या तेव्हा आधी त्यांच्या चपला ऐकू यायच्या, मग त्यांचा आवाज, आणि सगळ्यांत शेवटी त्या स्वतः. कुणी पांघरुणाखाली विडी ओढत असेल, कुणी पथ्य मोडून शेंगाचटणी चाटत असेल, तर त्याला आवरायला तेवढा वेळ पुरायचा. "मुद्दाम वाजत येते मी," त्या म्हणायच्या. "चोर धरला की रागवावं लागतं, आणि रागवणं माझ्या स्वभावात न्हाय." हे निव्वळ खोटं होतं. एकदा तोंडाचा पट्टा सुटला की त्या हेडक्लार्कपासून झाडूवाल्यापर्यंत कुणालाही सोडत नसत. फक्त ज्याला सकाळी फैलावर घेतलं, त्याच्याच खाटेपाशी दुपारी त्या आपल्या डब्यातली कडक भाकरी मोडून देताना दिसायच्या. त्यामुळे त्यांचं बोलणं कुणी मनावर घेत नसे, आणि या गोष्टीचा त्यांना खरोखरचा राग यायचा.

त्या मूळच्या दुधनीच्या. वडलांचं बाजारात भुसाराचं दुकान. घरात कन्नड, दुकानात मराठी, त्यामुळे दोन्ही भाषांत भांडता येई. लग्न लवकर झालं आणि विसावं लागायच्या आत नवरा गेला. वडील साधे दुकानदार, पण छातीचे. विधवा लेक नर्स होणार म्हटल्यावर भाऊबंद ओरडत आले, की लिंगायताच्या घरातली पोर परक्यांची घाण काढणार काय? वडील म्हणाले, "घरात बसवली तर जन्मभर तुमची धुणी धुणार, त्याचं कुणाला काही वाटत नाही. मग दवाखान्यात पगार घेऊन धुतली तर तुमच्या पोटात का दुखतं?" आणि त्यांनी तिला सोलापूरला नर्सिंगला घातलं. तेव्हापासून महादेवी सोलापूरची झाली, ती कायमची.

बहात्तरचा दुष्काळ सरून फार दिवस झाले नव्हते तेव्हाची ही गोष्ट. त्या ज्या हॉस्पिटलात होत्या तिथं हृदयाची ऑपरेशनं नुकतीच सुरू झाली होती. महिन्याकाठी मिरजेकडून एक मोठे सर्जन यायचे, छातीच्या डाव्या बाजूनं आत शिरून हृदयाची आकसलेली झडप बोटानं मोकळी करायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं परत जायचे. पुढचं सगळं धाकट्या डॉक्टरांच्या आणि महादेवी सिस्टरच्या गळ्यात. त्यासाठी हॉस्पिटलनं त्यांना काही महिने बाहेर शिकायला धाडलं होतं. तिथल्या म्हाताऱ्या मेट्रननं त्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. अशा ऑपरेशननंतर काही पेशंट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रमात जातात. ते वेड नव्हे. माणूस वाट चुकलेला असतो आणि बहुतेक वेळा परत येतो. त्याला दिवसाचा उजेड दाखवा, झोप मिळू द्या, पाणी पाजत राहा, ओळखीचं माणूस जवळ बसवा, गाव कोणतं, वार कोणता, ते सांगत राहा. हात शक्यतो बांधू नका, बांधलेला माणूस सुटण्याचाच विचार करतो.

महादेवी सिस्टरनी हे सगळं पाठ केलं होतं. पण पाठ करणं निराळं आणि धनगराची अख्खी भावकी अंगावर घेणं निराळं.

धुळाप्पा अक्कलकोटच्या दक्षिणेकडचा, पस्तिशीच्या आसपासचा धनगर. मेंढरांमागं चार पावलं टाकली की धाप लागायची, झोपायचं तर भिंतीला पाठ लावून बसून. त्याच्याबरोबर बायको मायाक्का, पाठचा भाऊ बिरप्पा आणि "जरा बघून येतो" म्हणून निघालेले पाच-सात पाहुणे होते. ऑपरेशन झकास झालं. शुद्धीवर आल्यावर धुळाप्पानं चहा मागितला, मेंढरांची चौकशी केली, आणि दारात उभ्या असलेल्या बायकोला "जेवलीस का?" असं खुणेनं विचारलं. डॉक्टर खुश, सर्जन गाडीत बसले.

ऑपरेशन झालेल्यांची ती खोली मोठी विचित्र होती. धूळ नको म्हणून खिडक्या बंद, वर जाड हिरवे पडदे, आणि चोवीस तास जळणारा दिवा. सकाळ कुठली आणि तिन्हीसांजा कुठल्या, ते आत कळायची सोय नाही. जन्मभर आभाळाखाली निजलेल्या माणसाला तिथं ठेवल्यावर दुसरं काय होणार! दुसऱ्या दिवशी दुपारी धुळाप्पा सलाईनच्या स्टँडकडं बोट करून म्हणाला, "ती काठी दे हिकडं." मग कुत्र्याला हाका मारू लागला. महादेवी सिस्टर पांढऱ्या साडीत पुढं झाल्या तसा तो भेदरला.

"फॉरेस्टवालं आलं! मेंढरं कोंडवाड्यात घालत्यात! पळा रं!"

आणि छातीत घातलेल्या नळीला त्यानं हात घातला. ती नळी बाटलीपर्यंत जात होती आणि तिच्यावर त्याचा श्वास अवलंबून होता.

धाकटे डॉक्टर धावत आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं. "नळी निघाली तर फुप्फुस बसेल, सिस्टर. हात बांधा त्याचे."

"दिवस मावळंपर्यंत मला द्या," महादेवी सिस्टर म्हणाल्या. "घरचं माणूस आत घेते. न्हाय जमलं तर मी सोता बांधीन."

डॉक्टरांनी मान डोलावली. घरचं माणूस म्हणून सिस्टरनी बिरप्पाला बोलावलं. झटापट झालीच तर पुरुषमाणूस धरायला बरा, एवढाच हिशेब. इथं पहिली फसगत झाली.

बिरप्पानं आत येऊन भावाकडं पाहिलं. डोळे लाल, अंग घामानं निथळतंय, हात थरथरतायत, तोंडात मेंढरं आणि रान. बिरप्पा घाबरला नाही. त्याचा चेहरा उजळला. त्यांच्या घराण्यात आजा देवाची भाकणूक सांगायचा, पुढच्या सालाचं पाऊसपाणी देव त्याच्या तोंडून बोलायचा. आज्यामागं देव घरात कुणाच्या अंगात उतरला नव्हता. आख्खी भावकी वाट बघत होती. बिरप्पा फरशीवर आडवा झाला आणि हात जोडून म्हणाला, "आलास व्हय बिरुबा! लई वाट बगायला लावलीस की."

सिस्टरना त्याच वेळी पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं हाक मारली. त्याचं सगळं करून त्या परत येतात तो काय, खोलीत पाय ठेवायला जागा नाही! पाहुणे आत, व्हरांड्यात दुसऱ्या पेशंटांचे नातेवाईक, आणि मधोमध बिरप्पा पिशवीतला हळदीचा भंडारा उधळतोय. धुळाप्पाच्या कपाळावर भंडारा, उशीवर भंडारा, छातीच्या पांढऱ्याशुभ्र पट्टीवर भंडारा.

"देवा, औंदा पाऊस कवा?"

"वगळीला उतरलाय," धुळाप्पा धापा टाकत ओरडला. "उटवा! मेंढरं उटवा!"

"वगळीला पानी येनार म्हंत्यात, वढं भरनार!" मागच्यांना कळवण्यात आलं.

जितके प्रश्न येत तितका तो भडकत होता. आणि या गर्दीत सगळ्यांत मागं, टोपी हातात घेऊन, वॉर्डातला म्हातारा शिपाई शरणप्पा उभा. "देवा," तो हळूच म्हणाला, "उद्याचा मटक्याचा आकडा तेवढा..."

महादेवी सिस्टरचा संताप मस्तकात गेला. "भायेर! समदे भायेर! देवाला भेटायची येळ चार ते सहा! शरणप्पा, तुला आकडा मी सांगते, थांब!" त्यांनी एकेकाच्या बखोटीला धरलं आणि बाहेर काढलं. भिंतीला चिकटून एक किडकिडीत बाई उभी होती. तिनं देवाला काही विचारलं नव्हतं, नुसती पदराचं टोक चावत रडत होती. सिस्टरनी तिलाही दंडाला धरून दाराबाहेर केलं आणि कडी लावली. ती मायाक्का होती.

त्यांनी भंडारा लागलेली पट्टी बदलली. राग ओसरला तेव्हा त्यांनी पेशंटकडं नीट पाहिलं. तो आणखी बिघडला होता. आता खोलीत त्याच्या ओळखीचं एकही तोंड नव्हतं, पांढऱ्या साडीतली ती फॉरेस्टवाली तेवढी होती. आगीतून उठवून फुफाट्यात टाकला की मी, त्यांना वाटलं. त्यांनी शरणप्पाला दारात बसवलं, "हलशील तर याद राख" असं बजावलं आणि त्या अंगणात गेल्या.

भावकी कडुलिंबाखाली बसली होती. बेत ठरला होता. बिरप्पानं सांगितलं, "उद्या सकाळी जीप करून देवाच्या ठाण्यावर नेताव त्येला. हितं देवाचा अपमान झालाय, बाई."

महादेवी सिस्टरना ती वाट डोळ्यांपुढं दिसली. छातीत नळी, ओली शिवण, आणि अक्कलकोटापुढचा तो खड्ड्यांचा रस्ता. माणूस वाटेतच संपला असता. त्या सरळ मातीत बसल्या आणि कन्नडमध्ये बोलू लागल्या. आवाज आपोआप खाली आला. ओरडल्याबद्दल त्यांनी आधी माफी मागितली, मग म्हणाल्या की देव आलाय का नाही, हे ठरवणारी मी कोण? पण ज्या घरात तो आला त्या घराची भिंत कालच पाडून बांधलीय. भिंत वाळू दे, मग बोलवा देवाला.

"आन तवर देव निगून गेला तर?" बिरप्पा काकुळतीला आला होता.

"देव फिरून येतो, बाबा. भाऊ गेला तर न्हाय येत."

मग बिरप्पानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "उद्या दुपारपातूर," तो म्हणाला. सिस्टरनी मायाक्काचा हात धरला आणि या वेळी तो ओढला नाही.

आत आल्यावर सिस्टरनी पहिल्यांदा हिरवे पडदे सारले, खिडकी उघडली आणि तो मेला दिवा विझवला. पश्चिमेकडून ऊन आलं, मिलची चिमणी दिसू लागली. मायाक्कानं हातपाय धुतले. तिच्याजवळची धुळाप्पाची घोंगडी सिस्टरनी बाहेरच्या भिंतीवर उन्हात तापवली, झटकली आणि चादरीवरून त्याच्या कमरेपर्यंत टाकली. धुळाप्पाचा हात घोंगडीवर जाऊन थांबला. मायाक्कानं चमच्यानं पाणी पाजलं, ते त्यानं घेतलं. तेवढ्यात मिलचा भोंगा झाला आणि तो दचकला.

"मिलची पाळी सुटली," सिस्टर म्हणाल्या. "हे सोलापूर हाय. तुझं आपरेशन झालंय. धुळाप्पा, ऐकू येतंय का?"

तो पाठ करून भिंतीकडं सरकला. फॉरेस्टवाल्यांना नाव सांगायचं नसतं, हे धनगराचं पोरसुद्धा जाणतं.

तेव्हा सिस्टरच्या ध्यानात आलं. या माणसाला त्याचं नाव ऐकवणारं कुणी उरलंच नव्हतं. आईबाप कधीच गेलेले. बिरप्पा धाकटा, तो अण्णा म्हणणार, आणि आता तर देवा म्हणत होता. हॉस्पिटलात तो तीन नंबर. आणि बायको कशी नाव घेईल?

"मायाक्का, नाव घेऊन हाक मार त्येला."

मायाक्कानं जीभ चावली. "अगं अव्वा! न्हाय वं अक्का. 'अवं' म्हंते की मी."

"अवं कुणालाबी म्हंतात. आपुन कोण, त्येच हा इसरलाय. लोक देव म्हंत्यात म्हणून ह्यो देव झालाय. तुझा आवाज वळखंल त्यो."

"नवऱ्याचं नाव घेतलं तर त्येचं आयुष्य कमी हुतं."

मग उखाण्यात तरी घे, असं सिस्टरनी म्हटल्यावर मायाक्का कशीबशी तयार झाली आणि पदरात तोंड खुपसून लग्नातला उखाणा पुटपुटली. नाव त्यात होतं, पण काट्यात अडकलेल्या लोकरीसारखं, शोधलं तरच सापडावं असं. धुळाप्पा भिंतीकडंच बघत राहिला.

मग महादेवी सिस्टर जे बोलल्या ते त्यांनी त्या हॉस्पिटलात कधी कुणाला सांगितलं नव्हतं. "माझ्या नवऱ्याला विषमज्वर झाला हुता. असाच बडबडायचा. सासरच्यांनी मिरच्यांची धुरी दिली. मला वळखत नव्हता. मी दारामागं उभी राहून 'अवं, अवं' म्हंत हुते. नाव घेतलं न्हाय मी. आयुष्य वाढावं म्हणून." त्यांनी घोंगडीची कड सरळ केली. "न्हाय वाढलं."

मायाक्कानं त्यांच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. त्याउपर सिस्टरनी आग्रह केला नाही. बळजबरी करण्यासारखी ती गोष्टच नव्हती.

ऊन उतरलं, पडद्याची सावली भिंतीवर हलली, आणि धुळाप्पा एकदम उठून बसला. "लांडगा!" एक पाय खाटेखाली. एक हात नळीवर. सिस्टरनी मनगट पकडलं, पण मेंढरं पेलणारा हात तो, त्यानं त्यांना भिंतीपर्यंत ढकललं. डॉक्टर बांधायच्या पट्ट्या घेऊन दारातून धावले. बाटली कलंडली. नळी ताणली गेली.

"धुळाप्पाऽऽ!"

चार रानांपलीकडं पोचावी अशी ती हाक होती. एवढ्याशा कुडीतून ती निघाली कशी, देव जाणे. "ए धुळाप्पा! कुटं निगालास? मी हितं हाय की! धुळाप्पाऽ!"

पलीकडचा म्हातारा उठून बसला. धुळाप्पा जागीच थांबला. नळीवरची मूठ हळूहळू सैल झाली. त्यानं मान वळवली आणि कितीतरी वेळ बायकोकडं बघत राहिला.

"मायाक्का?"

"व्हय."

"नाव घेतीस व्हय गं माजं? चारचौगांत? लाजबीज हाय का न्हाय तुला?"

डॉक्टर पट्ट्या हातात धरून तसेच उभे. महादेवी सिस्टरनी आधी बाटली सरळ केली, नळी तपासली, नाडी धरली, आणि मग त्या जमिनीवर बसून हसत सुटल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. इतकं शहाणपणाचं वाक्य त्यांनी त्या खोलीत कधी ऐकलं नव्हतं. मायाक्का मात्र तोंड झाकून रडत होती. आपण पाप केलं की पुण्य, ते तिला कळत नव्हतं.

सगळं तिथंच बरं झालं असं नाही. दिव्याचं बटण दाबावं तसा भ्रम जात नसतो. मध्येच तो कुत्र्याला हाक मारायचा, मध्येच सिस्टरकडं संशयानं बघायचा. पण आता कुणी "धुळाप्पा" म्हटलं की वळून बघायचा. पट्ट्या कपाटात परत गेल्या. दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे दुपारी बिरप्पा आला. या वेळी भंडाऱ्याची पिशवी त्यानं दारातच शरणप्पाकडं दिली.

"देवा..." त्यानं सुरुवात केली.

"देवा काय? मेंढरं कुणाच्या भरवशावर सोडून बसलायस हितं, गाढवा?"

बिरप्पाचा चेहरा पडला. "गेला म्हना की देव," तो सिस्टरना म्हणाला. मग त्यानं भावाच्या पायावर डोकं ठेवलं आणि लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. देव गेल्याचं दुःख त्यात होतं, भाऊ आल्याचा आनंद त्याहून मोठा होता. जीपचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

पुढं महादेवी सिस्टरनी ते हिरवे पडदे कायमचे उतरवले. हृदयाचा नवा पेशंट आला की नाव, गाव, वय झाल्यावर त्या आणखी एक विचारायच्या, "तुला घरात नाव घेऊन कोण हाक मारतं?" कुणी आई म्हणे, कुणी थोरली बहीण. कुणी विचारात पडून म्हणे, कुणीच नाही. मग त्या म्हणायच्या, "बरं, मी हाय." आणि ऑपरेशनच्या आधीपासून उठता-बसता त्याला नावानं हाका मारून सोडायच्या, म्हणजे नंतर आवाज परका वाटू नये.

पण त्या दिवशीचं राहिलंच. बिरप्पा गेला, ऊन पुन्हा खिडकीतून उतरू लागलं, आणि धुळाप्पा अस्वस्थ झाला. तिन्हीसांजेला ते भलतंसलतं पुन्हा येणार, हे त्याला आता कळत होतं. तो सारखा दोन्ही हातांनी चादर घट्ट धरत होता. महादेवी सिस्टर बाटलीतलं पाणी बघत पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्या तिथं आहेत हे तो विसरला असावा.

"मायाक्का," तो हलक्या आवाजात म्हणाला, "काल घेतलंस तसं... घे की एकदा."

मायाक्कानं डोक्यावरचा पदर नीट पुढं ओढला, त्याच्या कानाशी वाकली आणि नाव घेतलं.

"आनी एकदा," तो म्हणाला.